जरा दाबून बघू?

मराठी माणसाला फुगवटा बघवत नाही. कुठे काही वर आलेलं दिसलं की त्याचा अंगठा आपोआप पुढे होतो. भिंतीला ओल धरून सुटलेला रंगाचा पापुद्रा असो, नुकत्याच उतरवलेल्या ढोकळ्याचा मधला भाग असो किंवा भाच्याच्या कपाळावरचं टेंगूळ, दाबल्याशिवाय त्याचं मत बनत नाही. मंडईत हापूसच्या पेटीवर ‘आंबे दाबू नयेत’ अशी पाटी असते. ती मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्याचा अंगठा त्याच वेळी आंब्यात रुतलेला असतो. आंबा बिचारा काही बोलत नाही. अप्पा बोलतात. वेळ आली तर चावतातही.

अप्पा हे आमच्या कुत्र्याचं नाव. जात गावठी, आजोळी कुणीतरी लॅब्रॅडॉर असावा, असा कानांवरून संशय आहे. पिल्लू असतानाच कपाळाला आठ्या आणि नजरेत पेन्शनरांचा कंटाळा, म्हणून हे नाव पडलं. एकदा नाव पडल्यावर एकेरीत हाक मारायची कुणाची छाती होईना. त्यामुळे आमच्याकडे अप्पा जेवतात, अप्पा फिरायला जातात आणि अप्पा लिफ्टच्या दारापाशी पाय वर करतात. आमच्या सासऱ्यांनाही अप्पाच म्हणतात, ही गोष्ट नामकरणाच्या वेळी माझ्या लक्षात आली नव्हती, असं मी घरात आजही सांगतो.

तर एके दिवशी सकाळी पट्टा अडकवताना अप्पा गुरगुरले. अप्पा आणि गुरगुरणं हा योग दुर्मीळ. हात फिरवला तर मानेच्या डाव्या बाजूला, पट्ट्याच्या बरोबर खाली, लिंबाएवढी गाठ. गरम, ताणलेली. दुधात कालवलेली पोळी तशीच पडून होती, आणि अप्पांनी पोळी सोडली म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तीन-चार दिवसांपूर्वी दूध केंद्रापाशी अप्पांची एका काळ्या भटक्या कुत्र्याशी हद्दीवरून बाचाबाची झाली होती. घरी आल्यावर रक्त दिसलं नाही, लंगडणं नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण कुत्र्याच्या सुळ्याची खोड अशी की तो वरून फार काही दाखवत नाही. बारीकसं भोक पडतं, आत मात्र खोलवर नासधूस झालेली असते. कुत्र्याची कातडी सैल; ती सुळ्याबरोबर ओढली जाते आणि आत मांसापासून सुटून तिथे खिसा तयार होतो. चावणाऱ्याच्या तोंडातले जंतू त्या खिशात उतरतात. वरचं भोक एक-दोन दिवसांत खपली धरून बंद. मग आत पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात, दोन्ही पक्षांकडचे मरतात आणि त्या सगळ्या प्रेतांचा, सडक्या मांसाचा जो काला होतो तो पू. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून फुगवटा. झालं गळू.

हे ज्ञान मला नंतर मिळालं. तोपर्यंत बातमी सोसायटीभर झाली होती आणि लोक दाबायला येऊ लागले होते.

तिसऱ्या मजल्यावरचे नाना सगळ्यांत आधी आले. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जगातले सगळे प्रश्न पाणी साठल्यामुळे निर्माण होतात. त्यांनी दोन बोटं पुढे केली, अप्पांनी वरचा ओठ उचलून दात दाखवले, नानांनी बोटं मागे घेतली आणि लांबूनच निदान केलं, “साठा झालाय. निचरा पाहिजे. खालच्या अंगाला.” त्या क्षणी आम्ही हसलो.

मग शेजारच्या काकू. त्यांच्या माहेरी गळवावर कांदा भाजून बांधायचे. रातोरात फुटायचं म्हणे. माणसाचं फुटत असेलही, पण माणूस स्वतःच्या मानेवरचा कांदा खात नाही. अप्पा खाणार. कांदा, कच्चा असो वा भाजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि पुरेसा पोटात गेला तर रक्तक्षय होतो. हे सांगितल्यावर काकूंनी कांदा मागे घेतला आणि आळशीची पोटीस पुढे केली. ती बांधली. तीत तूप होतं. पाचव्या मिनिटाला अप्पांच्या मानेवर नुसतं फडकं उरलं होतं, पोटीस जेवणात जमा झाली होती आणि अप्पा काकूंच्या दारात दुसऱ्या वाटीची वाट बघत उभे होते. काकू मात्र खूश. “बघा, भूक लागली की नाही?”

इस्त्रीवाल्यानं तंबाखू-चुना सुचवला. जिमला जाणाऱ्या मुलानं मोबाइलची बॅटरी लावून सगळं अंग तपासलं आणि पोटावर गोचीड सापडल्याची आरोळी ठोकली. ती तो चिमटीनं उपटणार, एवढ्यात अप्पांनी त्याला वेळीच जाणीव करून दिली. ते स्तनाग्र होतं. नर कुत्र्यांनाही ती असतात, दोन्ही बाजूंना ओळीनं, आणि गोचीड समजून ती ओढणारे सगळ्या गावांत असतात. गोचिडीला पाय असतात, एवढं बघायचे कष्ट घेतले तरी भागतं.

तेवढ्यात मुंबईहून मेव्हणे आले. मेव्हणे औषधं विकतात, म्हणून ती कशी द्यायची हेही आपल्याला कळतं असं त्यांना वाटतं. “आमच्या परळला असता तर सरळ बैलघोडा हॉस्पिटलात नेला असता,” हे त्यांचं पहिलं वाक्य. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं. त्याच्या आवारातल्या दवाखान्याला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या याच नावानं ओळखतात आणि मेव्हणे अभिमानानं सांगतात की आपण तिथे लहानपणी हत्ती बघितला. दुसरं वाक्य म्हणजे खिशातून काढलेली दुखण्याची गोळी. “अर्धी द्या, लहान जीव आहे.”

इथे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या घरातल्या डब्यातली दुखण्यावरची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. अर्धी नाही, पाव नाही. आयबुप्रोफेननं त्यांच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅकचा पराक्रम तर अख्ख्या देशानं पाहिला आहे: दुखण्यावर ते दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडंच संपत आली, शेवटी २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. अप्पांवर गिधाडं बसण्याचा प्रसंग नव्हता, तरी मेव्हण्यांना गोळी परत खिशात ठेवायला लावली. ते दुखावले. मग संध्याकाळी त्यांनी ती स्वतः घेतली.

या गडबडीत आत्यांचा फोन आला. आत्यांना कमी ऐकू येतं, पण जेवढं येतं तेवढ्यावर त्यांचं छान भागतं.

“काय म्हणताय? घरी सगळे बरे?”

“बरे आहेत. अप्पांना गळू झालंय तेवढं.”

“अगं बाई! कुठे?”

“मानेवर. दूध केंद्रावर मारामारी झाली.”

“या वयात?” 

“नेहमीचंच आहे हो त्यांचं. या वेळी चावा बसला.”

“चावा? कुणी चावलं?”

“तो काळा.”

“काळे? तुमच्या पलीकडच्या बिल्डिंगमधले?” आत्यांचा आवाज खाली आला. “मला तो माणूस कधीच सरळ वाटला नाही. तक्रार केलीत का?”

“महापालिकेला कळवलंय. त्यांची गाडी येईल, घेऊन जातील, नसबंदी करतील आणि इथेच आणून सोडतील.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आत्या एवढंच म्हणाल्या, “कायदे फार कडक झाले हल्ली.”

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची पहिली गोष्ट मला आवडली ती ही की त्यांनी गाठीला हातच लावला नाही. आधी नुसतं बघितलं. अप्पा कसे उभे राहतात, मान कुठल्या बाजूला वळवत नाहीत, कुठे चाटायचा प्रयत्न करतात. मग विचारलं, गाठ किती दिवसांची, एकदम आली की हळूहळू, भांडण झालं होतं का, रेबीजची लस कधी दिली. भटका कुत्रा चावला म्हटल्यावर त्यांनी हातमोजे चढवले आणि लस दिलेली असली तरी पुन्हा डोस द्यायला हवेत, हे वहीत आधी लिहून टाकलं. “त्याच दिवशी जखम शोधून साबणानं, वाहत्या पाण्याखाली धुवायला हवी होती,” त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी मेव्हण्यांकडे बघितलं. त्यांचा काही संबंध नव्हता, पण कुणाकडे तरी बघणं भाग होतं.

ताप कुठून मोजतात हे अप्पांना ठाऊक आहे, त्यामुळे थर्मामीटर दिसताच ते टेबलावर बसले ते उठेनात. शेवटी मोजला. आकडा ऐकून बायकोनं कपाळाला हात लावला. कुत्र्याचं साधं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, हे तिला सांगायला डॉक्टर विसरल्या नाहीत. अप्पांना १०३.८ होता, म्हणजे ताप खरा होता. पण तिच्या मनात आला होता तेवढा नव्हता.

आता दाबण्याबद्दल. प्रत्येक गाठ गळू नसते, आणि खरी मेख तिथेच आहे. गळू दोन-तीन दिवसांत उभं राहतं, गरम लागतं, दुखतं. कुत्रं हात लावू देत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बरगडीवर महिनोन्‌महिने असलेली, मऊ, हाताखाली सरकणारी, न दुखणारी गाठ बहुतेक वेळा चरबीची असते. डोळ्याच्या खाली गाल सुजला तर लोक डोळ्यात औषध घालत बसतात. दुखणं वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी असतं. बूड फरशीवर घासत निघालेला कुत्रा बघून सगळे हसतात. त्याच्या गुदद्वाराच्या दोन बाजूंना, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, ग्रंथी तुंबलेल्या असतात आणि कधी तिथेही गळू होतं. आणि मास्ट पेशींची एक कर्करोगाची गाठ असते. दिसायला ती वाटेल ते सोंग घेते, आणि दाबली, चोळली की तिच्यातून हिस्टामीन सुटून आजूबाजूचा भाग अचानक फुगतो, लाल होतो. तिला दहा जणांनी अंगठे लावणं म्हणजे काय, ते सांगायला नको. शहाणे डॉक्टर म्हणूनच आधी बारीक सुई घालून आत काय आहे ते काढून बघतात.

एवढंच कशाला, गळूच असलं तरी ते पिळलं की पू बाहेरच येईल असं नाही. बाहेरची कातडी जाड आणि आतले पडदे पातळ असले तर तो आत घुसतो, अजून पसरतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात एक अख्खा अध्याय याच गोष्टीला दिलेला आहे. सूज आम आहे, पच्यमान आहे की पक्व, हे कसं ओळखायचं. बोटानं दाबल्यावर खळगा पडून परत भरतो का, एका टोकाला दाबलं की आतला पू दुसऱ्या टोकाकडे सरकतो का, हे बघायला त्यानंही सांगितलंय. म्हणजे दाबायला सुश्रुताची हरकत नाही. पण ती परवानगी वैद्याला आहे, इस्त्रीवाल्याला नाही. आणि कच्ची सूज कापणारा व पिकलेली तशीच ठेवणारा, या दोघांना त्यानं एकाच पंगतीत बसवून जी शिवी दिली आहे, ती इथे छापण्याजोगी नाही.

अप्पांचं पक्व होतं. तोंडाला जाळी बांधली, गुंगीचं इंजेक्शन दिलं, मशीननं केस काढले. केसांखाली दोन काळ्या खपल्या, सुळ्यांच्या बरोबर मापात. इतके दिवस सगळे ज्याला ‘काहीच लागलं नाही’ म्हणत होते ते. सुई घातली, सिरिंजमध्ये तांबूस पिवळा पू आला. मग डॉक्टरांनी फुगवट्याच्या सगळ्यांत खालच्या कडेला चीर दिली.

वासाबद्दल न लिहिलेलं बरं, पण लिहितो. आधी येतो तो गोडसर, जड वास. त्यामागून जे येतं त्यानं मेव्हणे बाहेर गेले आणि आपण फोन घ्यायला गेलो होतो असं नंतर म्हणाले. ट्रे भरला. कोमट सलाईन सिरिंजनं आत सोडायचं, बाहेर यायचं, पुन्हा सोडायचं. बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच चाललं. घरी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, अशी तंबीही मिळाली. फेस बघून आपल्याला समाधान वाटतं, पण तो जंतूंबरोबर नव्यानं येऊ घातलेलं मांसही जाळतो. मग एक मऊ चपटी रबरी नळी आत सरकवून तिचं टोक खालच्या चिरेतून बाहेर ठेवलं.

“टाके?” बायकोनं विचारलं.

“नाही. तोंड उघडंच राहायला हवं. वरून शिवलं तर आत पुन्हा साठेल.”

हे मी घरी येऊन नानांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नळी बघितली, चिरेची जागा बघितली. “खालच्या अंगाला सांडवा,” ते म्हणाले. “मी काय म्हणालो होतो?” नोकरीत असताना खात्यानं त्यांचं कधी ऐकलं नव्हतं म्हणतात, निवृत्तीनंतर एका कुत्र्याच्या मानेवर त्यांची योजना शब्दशः अमलात आली. तेव्हापासून ते रोज सकाळी पाहणीला येऊ लागले. विसर्ग किती, रंग कोणता. डॉक्टरांनी चार दिवसांनी नळी काढली तेव्हा नाना उपस्थित होते.

खरं काम घरी असतं आणि ते कंटाळवाणं असतं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पाच-दहा मिनिटं धरायचं, वाहिलेलं पुसायचं, जखम पुन्हा ओलसर, लाल, दुर्गंधी होत नाही ना ते बघायचं. प्रतिजैविकाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्यात तितके दिवस पूर्ण द्यायच्या. तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून थांबवायच्या नाहीत. आमच्याकडे गोळी पेढ्यात घालून दिली. अप्पांनी पेढा खाल्ला आणि गोळी, धुतल्याइतकी स्वच्छ, माझ्या चपलेवर ठेवली. पोळीच्या लाडवात घातली. लाडू गेला, गोळी आली. शेवटी बायकोनं एक पेढा गोळीशिवाय, दुसरा गोळीसह आणि तिसरा समोर धरलेला, अशी युक्ती केली. तिसऱ्याच्या ओढीनं दुसरा न चावता गेला. सरकारी योजना अशाच चालतात म्हणे.

आणि काही गळवं सगळं करूनही परत भरतात. तेव्हा आत काहीतरी राहिलेलं असतं. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळा संपता संपता कुसळी गवत वाळतं. त्याच्या कुसळाला मागे वळलेले बारीक काटे असतात आणि शेपटी दमटपणानं पीळ घेत फिरते, त्यामुळे ते शिरतं ते फक्त पुढे. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात घुसलं की वरून दिसत नाही. कुत्रं तो पाय चाटत बसतं, बेचका फुगतो, फुटतो, सुकतो, आणि पंधरवड्यानं पुन्हा फुगतो. कुसळ निघेपर्यंत औषधं फुकट. टेकडीवरून आल्यावर बोटं उलगडून बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं कुणाकडे नसतात, कारण तोपर्यंत आपण स्वतःच्या पायमोज्यातली कुसळं काढत असतो.

राहिली ती गळ्यातली प्लास्टिकची कॉलर. जखम चाटून बरी होते, हा समज माणसांनी कुत्र्यांकडून आणि कुत्र्यांनी माणसांकडून घेतलेला असावा. चाटल्यानं ती चिघळते. म्हणून मानेभोवती ते भलंमोठं भोंगं. त्यासकट अप्पा दारांच्या चौकटींना, खुर्च्यांना आणि माझ्या पोटऱ्यांना धडकत फिरले. पाण्याचं भांडं त्यात मावेना, म्हणून परातीत पाणी. कॉलर काढून टाकायला सगळ्यांत आधी कोण तयार झालं असेल, तर काकू. “किती केविलवाणे दिसतात हो!” अप्पांना केविलवाणं दिसण्याचा मोबदला पोळीच्या रूपात मिळत होता, त्यामुळे त्यांची तक्रार नव्हती.

कॉलरसकट पहिल्यांदा खाली नेलं त्या दिवशी दूध केंद्रापाशी काळे परतलेले होते. नुकतेच सुटून आले होते. कानाच्या टोकाला नसबंदीची खाच होती आणि चेहऱ्यावर पूर्वीचा तोरा नव्हता. त्यांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांच्या जागी एक प्रचंड पांढरं तोंड चालत येत होतं. काळे उठले, दोन पावलं मागे सरकले, मग मान लांब करून कॉलरच्या आत डोकावले.

रात्री आत्यांना फोन करून कळवलं की काळ्यांचं आणि अप्पांचं मिटलं.

“बरं झालं बाई! समोरासमोर बोलले का?”

“बोलले नाहीत,” मी म्हटलं. “एकमेकांना हुंगलं फक्त.”